पाटीवर काय कोरायचं, आणि कोणाला विचारून?

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताई ३९ वर्षांच्या आहेत, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात आणि दोन वर्षांपासून आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या कमिटीच्या सचिव आहेत. मंडळी साठेक घरांची. नवे पाळकसाहेब उत्साही आहेत. मंडळीची ध्येयदृष्टी आणि मूल्यं नीट लिहून काढावीत, काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्यावीत आणि येत्या नोव्हेंबरात हंगामाच्या सणाला (पिकाबद्दल देवाचे आभार मानायचा सण) फाटकाजवळ त्या पाटीचं अनावरण करावं, असं त्यांनी ठरवलं. मसुदा ताईंकडे आला. त्यांनी चार शब्द धरले: प्रेम, समता, पारदर्शकता, सेवा.

पहिल्या आणि शेवटच्या शब्दाला कोणाची हरकत नव्हती. ‘समता’ ऐकून एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, ‘हा मोर्च्यातला शब्द. चर्चच्या फाटकावर कामून?’ ‘पारदर्शकता’ ऐकून खजिनदारकाका वही मिटून उठून गेले, कारण कंपाउंडमधल्या चार गाळ्यांच्या भाड्याचा हिशेब तीन वर्षं मंडळीपुढे वाचलेला नाही. तरुण संघ म्हणतो, शब्द बदलले तर आम्ही कार्यक्रमाला येणार नाही. पाळकसाहेब म्हणतात, ऐक्य टिकेल असं काहीतरी सौम्य लिहा. ताई विचारतात: ‘जे आमच्यात नाही ते दगडावर कोरणं म्हणजे देवाच्या दारात खोटं बोलणं नाही का? सौम्य शब्द लिहून मोकळी होऊ, की राजीनामा देऊ?’

प्रिय ताई,

जय ख्रिस्त.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. समता, हिशेब, राजीनामा हे सगळं त्यात ठळक आहे. माझं मन मात्र तिसऱ्या पानावरच्या एका कंसात अडकलं. सणाची तारीख किती सोयीची आहे हे सांगताना तुम्ही लिहिता: ‘(सोळा घरं ऊसतोडीला गेलेली असतील, पण बाकी सगळी मंडळी हजर असते.)’

साठातली सोळा घरं. चार घरांमागे एकाहून थोडी जास्तच.

दसरा आला की मुकादमाचा ट्रॅक्टर वस्तीवर येऊन उभा राहतो. उचल आधीच घेतलेली असते, बहुतेक खर्चही झालेली असते. पत्र्याची पेटी, ज्वारीचं पोतं, तवा, डालग्यातल्या कोंबड्या सगळं ट्रॉलीत चढतं, आणि मागे राहते ती म्हातारी एखाद्या नातवंडाचा हात धरून. मग गुढीपाडव्यापर्यंत ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, कुठल्या तरी कारखान्याच्या फडावर, पाचटाच्या कोपीत. तुमच्या चर्चवर नाताळची चांदणी पेटते तेव्हा ती ऊस भरत असतात. हंगामाचा सण, नाताळ, नव्या वर्षाची उपासना, तिन्ही मोठे दिवस त्यांच्याविना होतात. आता ही मंडळी कोणाची आणि कशासाठी, हे सांगणारी पाटीसुद्धा त्यांच्याविनाच उघडणार.

हे दोष द्यायला लिहीत नाही. या चुकीची मला चांगली ओळख आहे. मी जालना जिल्ह्यातल्या एका मंडळीत वाढले. पंचविशीत महिला मंडळाची सचिव होते, वार्षिक अहवाल माझ्याकडे होता. ‘सर्व भगिनींनी प्रीतिभोजनात आनंदाने भाग घेतला,’ असं वाक्य लिहून मी ते आईला वाचून दाखवलं. ती भाकरी थापत होती. म्हणाली, ‘सर्व म्हंजी कोण कोण, सांग बरं.’ मी नावं घेत गेले आणि ती परातीतल्या पिठात बोटाने एकेक रेघ ओढत गेली. माझी नावं संपली तेव्हा खालच्या वस्तीतलं एकही नाव त्यात आलेलं नव्हतं. त्या बायका त्या दिवशी आल्या होत्या की! पाणी भरायला आल्या होत्या, पत्रावळी उचलायला होत्या. मी त्यांना पाहिलं होतं, मोजलं नव्हतं. आईने पीठ पुन्हा गोळा केलं आणि पुढची भाकरी घेतली. एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षं होत आली, त्या रेघा अजून डोळ्यांपुढे आहेत.

तर आता तुमचा प्रश्न. जे आमच्यात नाही ते कोरणं खोटं आहे का?

‘आम्ही समता पाळतो’ असं कोरलंत आणि पाळत नसलात, तर होय, खोटं आहे. पण आपण दर रविवारी प्रभूच्या प्रार्थनेत ‘तुझे राज्य येवो’ म्हणतोच ना? ते अजून पुरतं आलेलं नाही म्हणूनच म्हणतो. जे नाही त्याची मागणी करणं आणि ते आहे असं मिरवणं यांत फार अंतर आहे. मूल्यं प्रार्थनेसारखी लिहिता येतात, नवसासारखी लिहिता येतात. ‘आम्ही असं करू, प्रभू आम्हाला बळ दे’ हे वाक्य अपुऱ्या मंडळीलाही प्रामाणिकपणे म्हणता येतं. त्यामुळे अजून नाही म्हणून लिहायचंच नाही, हा तुमचा आग्रह मला फार कडक वाटतो. तसं धरलं तर कुठल्याच मंडळीला काही लिहिता येणार नाही.

मात्र नवस बोलणाऱ्याला तो कधी फेडायचा आणि काय वाहायचं हे ठाऊक असतं. तुमच्या चार शब्दांत ते नाही. प्रेम कोणी करायचं, कोणत्या वारी, कोणाच्या घरी जाऊन? सेवा कोणाची? हे मोकळं ठेवलं म्हणून तर त्या दोन शब्दांना कोणी अडवलं नाही. ज्या शब्दाने कोणाचीच जागा हलत नाही तो लगेच मंजूर होतो. वाद झाला तो ज्या दोन शब्दांमागे खरी वस्तू उभी होती त्यांवर: बसायची जागा आणि पैशाची वही. हा वाद झाला हे मला चांगलं लक्षण वाटतं. तुमच्या मंडळीला शब्दांचा अर्थ कळतो.

पाळकसाहेबांनी बैठकीच्या सुरुवातीला बायबलमधल्या नीतिसूत्रांच्या २९व्या अध्यायातलं १८वं वचन वाचलं, असं तुम्ही लिहिता. दृष्टान्त नसला की लोक मोकाट सुटतात, अशा अर्थाचं ते वचन. हल्ली ध्येयदृष्टीची चर्चा निघाली की हेच वाचतात. पण त्या ठिकाणचा इब्री (हिब्रू) शब्द संदेष्ट्यांना होणाऱ्या दर्शनाचा आहे, माणसांनी बसून आखलेल्या योजनेचा नाही. आणि त्याच वचनाचा उरलेला अर्धा भाग बहुतेक वेळा वाचायचा राहून जातो: जो शास्त्र पाळतो तो धन्य. पाहणं आणि पाळणं तिथे एकाच दमात सांगितलं आहे. पाळकसाहेबांशी बोलाल तेव्हा हा दुसरा भाग त्यांच्यापुढे आदराने ठेवा. मनापासून काम करू पाहणारा माणूस दिसतो, ऐकेल.

आपल्याच मातीतलं एक उदाहरण सांगते. जालन्याजवळचं बेथेल. नारायण शेषाद्री हे ब्राह्मण घरातले. १८४३ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे निजामाच्या राज्यात, जालन्याला, त्यांनी काम उभं केलं आणि नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी जालन्याजवळ एक गावच वसवलं. बरीचशी कुटुंबं मांग आणि महार समाजातून आलेली. चर्च होतं, शाळा होती, विहिरी होत्या, कसायला जमीन होती. बेथेल म्हणजे देवाचं घर. आता ज्यांना गावच्या विहिरीवर पाय ठेवू देत नव्हते, त्यांच्यासाठी हक्काची विहीर खणणं ही केवढी मोठी ध्येयदृष्टी! गावात शिरलेल्या माणसाला ती पाटी न वाचता कळत असेल. आणि असा वारसा असूनही आपल्या मंडळ्यांतून जात गेली आहे, असं मी म्हणणार नाही. सोयरीक जुळवताना पहिल्या पाच मिनिटांत काय विचारलं जातं हे तुम्हाला माहीत आहे, मलाही.

म्हणून त्या ज्येष्ठ सभासदांबद्दल थोडं सविस्तर लिहिते. त्यांना वरची जागा सोडायची नाही, असं तुम्ही गृहीत धरलं आहे. तसं असेलही. पण त्यांचं वय तुम्ही पंचाहत्तर लिहिलंय. म्हणजे १९७८ साली, मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला तेव्हा, ते ऐन तरुण होते. त्यानंतर आपल्या गावागावांत दलित वस्त्यांवर जे झालं ते त्यांनी पाहिलं असेल, कदाचित सोसलंही असेल. नामांतर प्रत्यक्षात यायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधली सोळा वर्षं ‘समता’ हा शब्द आपल्याकडे वर्गात शिकवायचा शब्द नव्हता, त्याच्याबरोबर घरं जळाल्याची आठवण येते. शिवाय कागदांचं भय वेगळंच. अनुसूचित जातींबाबतचा १९५० चा आदेश आधी मुख्यतः हिंदूंपुरता होता, १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजूनही बाहेरच आहेत. त्यामुळे कितीतरी घरांत चर्चच्या रजिस्टरवर एक ओळख आणि जातीच्या दाखल्यावर दुसरी. अशा माणसाला रस्त्यावरून दिसणारी, दगडात कोरलेली पाटी नकोशी वाटली तर त्याचं कारण वरची जागाच असेल असं नाही. पाटी आपण आतल्या माणसांसाठी लिहितोय की रस्त्यावरच्या, हा त्यांचा न विचारलेला प्रश्न असू शकतो. आणि तो रास्त आहे.

तेव्हा त्यांच्या घरी जा. मसुदा बरोबर नेऊ नका. चहा घ्या आणि विचारा, ‘काका, हा शब्द तुम्हाला टोचतो तो कशामुळे?’ मग गप्प बसा. तुम्ही शिक्षिका आहात, गप्प बसणं अवघड जाईल, पण बसा.

भीती निघाली, तर शब्द खुशाल बदला. समतेला आपल्याकडे त्याहून जवळचा शब्द आहे: पंगत. बायबलमधल्या करिंथच्या मंडळीत हाच घोटाळा झाला होता. प्रभुभोजनाला एकत्र जमायचे, ज्यांच्याकडे होतं ते आधी जेवून घ्यायचे आणि गरीब उपाशी राहायचे. प्रेषित पौलाने त्यांना पहिल्या पत्रात, अकराव्या अध्यायात, चांगलं खडसावलं आहे. तुमच्या प्रीतिभोजनात पहिल्या पंगतीला कोण बसतं, वाढतं कोण आणि शेवटी खरकटं कोण काढतं, हे एकदा माझ्या आईसारखं बोटाने मोजून बघा. ‘आमच्यात पंगत एकच बसेल’ असं लिहिलंत तर तो मोर्च्यातला शब्द आहे असं कोणी म्हणणार नाही, आणि समतेतलं काही कमीही होणार नाही. उलट चुकवायला जागा उरणार नाही.

आणि भीती न निघता खरोखर वरच्या जागेचाच हट्ट निघाला, तर शब्द बदला पण मुद्दा सोडू नका. याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय सोन्याची अंगठी घातलेल्या माणसाला कुठे बसवायचं याबद्दलच आहे. तो रविवारी वाचायला लावा. पुढचं काम ते वचनच करील.

खजिनदारकाकांचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला वाटतं तितकं गुंतागुंतीचं नाही. तीन वर्षं हिशेब वाचला नाही म्हणजे पैसे खाल्ले, असा अर्थ तुम्ही पत्रात लिहिलेला नाही, पण ओळींच्या मध्ये तो दिसतो. मी अशा वह्या पाहिल्या आहेत. भाडं कधी रोख आलं, कधी भाडेकरूने छपराचे पत्रे बदलून वळतं करून घेतलं, कधी पाळकांच्या घरी दवाखान्याची निकड होती म्हणून दिलं आणि नोंद राहिली. एक वर्ष राहिलं की दुसऱ्या वर्षी सांगायची लाज वाटते. तिसऱ्या वर्षी माणूस वही मिटून उठून जातो. त्यांना चोर ठरवणारा शब्द पाटीवर बसवण्याआधी त्यांच्या शेजारी बसून वही लावून देणारं माणूस द्या. तुमच्यात बँकेत किंवा शाळेच्या कार्यालयात काम करणारं कोणीतरी असेलच.

पण हिशेब व्हायलाच हवा, यात तडजोड नाही. पौलाने यरुशलेमेसाठी गोळा केलेली वर्गणी एकट्याने नेली नाही. मंडळ्यांनी निवडलेला माणूस बरोबर घेतला, कोणाला बोट ठेवायला जागा राहू नये म्हणून. ते दुसऱ्या करिंथकर पत्राच्या आठव्या अध्यायात आहे. आणि देशाचा कायदाही आहे. मालमत्ता ज्या सार्वजनिक ट्रस्टच्या नावावर असेल, त्याला महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० लागू होतो: दरवर्षी हिशेब आणि त्याची तपासणी. गाळ्यासारखी बांधीव जागा तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते, शेतजमिनीला ती मर्यादा दहा वर्षांची आहे. तुमच्या चार गाळ्यांचे करार किती वर्षांचे आहेत, ते आधी बघा. हे धमकी म्हणून कमिटीत वापरू नका. सचिव म्हणून तुम्हाला माहीत असावं म्हणून सांगितलं.

‘पारदर्शकता’ हा तसाही कोणाच्या घरात बोलला जाणारा शब्द नाही. ‘हिशेब’ म्हणा. महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं असं तुम्ही लिहिलंय. त्याच दिवशी मागच्या महिन्याचं अर्पण किती, भाडं किती, खर्च कशावर, हे बाहेरच्या फळ्यावर खडूने लिहा. चार ओळी पुरतात. अर्पण मोजायला दोन वेगवेगळ्या घरांतली माणसं, दर महिन्याला नवी. सहा महिने असा फळा लागला की पाटीवरच्या शब्दाला कोणी हरकत घेणार नाही, आणि कदाचित पाटीवर तो शब्द लागणारही नाही.

आता पाळकसाहेबांचं ऐक्य. त्यांची काळजी खरी आहे. छोटी मंडळी फुटली की दोन गट होतात, दोन ठिकाणी उपासना, आणि पिढ्यान्‌पिढ्या बोलणं बंद. मी पाहिलंय. पण सौम्य शब्दांनी ऐक्य टिकतं, हे मला पटत नाही. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाली. त्याआधी चाळीस वर्षं बोलणी चालली होती, १९२९ पासून. मोठा पेच बाप्तिस्म्याचा. काही मंडळ्या तान्ह्या मुलांना देत, काहींना तो विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्या माणसालाच द्यायचा होता. दोन्हींना भागवणारं एखादं गुळमुळीत वाक्य लिहून ते मोकळे झाले नाहीत. दोन्ही रीती एकाच मंडळीत चालतील, असं स्पष्ट ठरवलं. त्या मंडळीचं ब्रीद तीन शब्दांचं आहे: ऐक्य, साक्ष, सेवा. त्यातल्या पहिल्या शब्दाची किंमत चाळीस वर्षांच्या बैठकांनी मोजली आहे. तुमच्या कमिटीच्या तर अजून तीनच बैठका झाल्यात.

आणि यरुशलेमेची ती पहिली मंडळी! प्रेषितांच्या कृत्यांचा दुसरा अध्याय आपण सारखा वाचतो, सगळे एकत्र होते, सगळं सामाईक होतं. सहावा तितका वाचत नाही. रोजच्या वाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे दुर्लक्ष होतंय, अशी कुरकुर तिथे उठली. प्रेषितांनी ती दाबली नाही. सगळ्यांना बोलावलं आणि सात माणसं निवडायला सांगितली. स्तेफन, फिलिप्प, नीकलाव... सातही नावं ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, वाटपाची चावी त्यांच्याच बाजूच्या माणसांच्या हाती गेली, असं त्यावरून दिसतं. मला या अध्यायाइतकी स्पष्ट ध्येयदृष्टी दुसरीकडे क्वचितच सापडते. तुमच्या कमिटीत त्या सोळा घरांतले किती जण आहेत, ताई? पत्रात नऊ सभासदांचे व्यवसाय तुम्ही लिहिलेत. शिक्षक, नर्स, पोस्टातून निवृत्त झालेले, किराणा दुकानवाले. कोयता हातात धरणारं कोणी नाही.

म्हणून मधला मार्ग सुचवते. पाटी थांबवा, काम सुरू करा.

दसऱ्याला अजून पाच आठवडे आहेत. तरुण संघाला सांगा, बहिष्कार सोप्पा आहे, वही घेऊन वस्तीवर जाणं जरा अवघड आहे, ते करा. दोघादोघांनी त्या सोळा घरी जायचं, संध्याकाळी सातनंतर, माणसं कामावरून आल्यावर. तीनच गोष्टी विचारायच्या. मंडळी आपली वाटली असा कधीचा प्रसंग आठवतो? परकी कधी वाटली? आणि तुम्ही फडावर असताना मंडळीने काय करावं? बाईचं उत्तर बाईच्या तोंडून घ्यायचं, नवऱ्याने सांगितलेलं लिहायचं नाही. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एकच मजूर-जोडी, धरला जातो, वहीत मात्र दोघांची उत्तरं वेगळी हवीत. ऐकलेलं त्यांच्याच शब्दांत लिहायचं, शुद्ध करून नाही.

काय उत्तरं येतील हे मी सांगू शकत नाही, पण अंदाज आहे. मागे राहिलेल्या आईला औषध आणून देणारं कोणी हवं. हंगामी वसतिगृहात ठेवलेल्या लेकराकडे रविवारी कोणी डोकावलं तर बरं. आणि नाताळात एकदा कोणी फडावर आलं तर! हंगामाच्या सणाला तुमच्याकडे लिलाव होत असेलच. आमच्याकडे एकच भोपळा पाच जण घेऊन पाच वेळा पुन्हा लिलावाला ठेवत, शेवटी तो गावातल्या सगळ्यात महागड्या भोपळ्याच्या किमतीला जाई आणि लेकरं टाळ्या पिटत. या वर्षी त्या लिलावातला ठरावीक वाटा आधीच जाहीर करून बाजूला काढा. त्यातून नाताळच्या आठवड्यात पाळकसाहेब, दोन तरुण आणि महिला मंडळाच्या दोघीजणी गाडी करून फडावर जाऊन येऊ द्या. ढोलकी घ्या, फराळ घ्या, प्रभुभोजनाचं साहित्य घ्या. कोपीपुढे उपासना होऊ द्या. तिथून आल्यावर पाळकसाहेबांना सौम्य शब्द सुचतील असं मला वाटत नाही.

अनावरण कधी? पेंटेकॉस्टच्या रविवारी. ईस्टरनंतरचा तो सातवा रविवार, मे महिन्यात नाहीतर जूनच्या पूर्वार्धात येतो. टोळ्या परतलेल्या असतात, मृगाच्या पेरण्यांची घाई अजून लागलेली नसते, शाळांना सुट्टी असते. शिवाय मंडळीचा जन्मच त्या दिवसाचा. जमलेल्या प्रत्येकाला शिष्यांचं बोलणं आपापल्या बोलीत ऐकू आलं, असा तो सण. तुमच्या पाटीला याहून योग्य दिवस नाही.

मजकूर कसा दिसावा याचा नमुना देते, तो उतरवू नका, कारण तो माझा आहे:

‘या मंडळीत पंगत एकच बसेल.
देवाच्या नावाने आलेला पैसा दर महिन्याला सांगितला जाईल.
जो गावाबाहेर आहे तोही मंडळीत आहे, त्याला विचारल्याविना आम्ही ठरवणार नाही.
प्रभू, हे पाळायला आम्हाला बळ दे.’

तुमचा मजकूर त्या सोळा वह्यांतून आणि बाकीच्या घरांतून निघेल. तो शब्दांनी माझ्याहून साधा असेल. पाटी रस्त्याकडे तोंड करून लावायची की आत, वेदीकडून परतताना दिसेल अशी, हे त्या ज्येष्ठ काकांना ठरवू द्या.

अशीच पत्रं मला कॅथलिक घरांतूनही येतात, म्हणून त्यांच्यासाठी दोन ओळी. तुमच्याकडे १९८३ च्या धर्मनियमसंहितेप्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) अर्थसमिती असायलाच हवी, आणि भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांना द्यायचा हेही त्यात आहे. फादरांना हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं होत नाही. आणि ज्या स्वतंत्र मंडळ्या एका पास्टरांच्या घरातून सुरू झाल्यात, तिथे तर देवाने पास्टरांना दिलेलं दर्शन आणि मंडळीने मिळून ठरवलेली मूल्यं यांत फरक करणं फार गरजेचं आहे. दर्शन एकाला होऊ शकतं. पैसे मोजायला दोघं लागतात.

राजीनाम्याचं राहिलं. आज देऊ नका. तुम्ही गेलात तर मसुदा लिहायला दुसरं कोणी मिळेल, चार गोड शब्द नोव्हेंबरात कोरले जातील. तुमच्याबद्दल माझी खात्री आहे, कारण खोटं कोरायला तुमचा हात थरथरला. पण शाळा, घर आणि त्यावर ही कमिटी, याचा भारही मला दिसतो. म्हणून स्वतःसाठी मुदत ठरवा: पुढचा पेंटेकॉस्ट. तोवर फळ्यावर हिशेब लागला नाही, वस्तीवर कोणी गेलं नाही, आणि तुम्ही विचारलंत म्हणून तुमच्याशी बोलणं बंद झालं, तर पद सोडा. कारण एका कागदावर लिहून द्या आणि तो वाचून दाखवा. पद सोडा, मंडळी सोडू नका. महिला मंडळात, शब्बाथ शाळेत तुमची जागा कोणी काढून घेऊ शकत नाही. एकट्याने वाहू नका मात्र. कमिटीतली ती नर्सबाई तुमच्या बाजूने बोलली असं तुम्ही लिहिलंय, वस्तीवर पहिल्यांदा जाताना तिला बरोबर घ्या.

आणि ग्रॅनाइटवाल्याला उद्याच फोन करा. आगाऊ रक्कम बुडवू नका. त्याला म्हणावं, दगड कापून, घासून तयार ठेव, अक्षरं पाडवा झाला की देते.